पहिल्यांदाच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात फुललेली झाडं आणि त्यांवरचे पक्षी बघायला निघालात ना?

फेब्रुवारीअखेर ते मार्च, एवढी वेळ गाठा. पळस, पांगारा, काटेसावर तेव्हा अंगावर पान नसताना फुललेले असतात. कन्नडहून उजाडायच्या आत निघा. नवखे अकराला पोचतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. (मीही दोनदा असाच परतलोय.)

260 चौरस किलोमीटर एका दिवसात पालथं घालायला जाऊ नका. फुललेला एक पळस धरा, वीसेक पावलांवर तासभर गप्प बसा. मखमली काळपट वाटीतून निघालेलं पोपटाच्या चोचीसारखं फूल, आणि त्यात डोकं खुपसून बाहेर आलेली, कपाळाला पिवळी परागपूड लागलेली साळुंकी!

- भडक कपडे नकोत.
- अत्तर तर नकोच, आग्या मोहोळ अंगावर येतं.
- रंगपंचमीसाठी फुलं तोडू नका.

दुर्बीण, लेन्सचं पुढच्या वर्षी बघू.