कचरावेचक बायकांच्या मुलाखती महापालिकेपुढे कशा मांडाव्यात?

कर्वेनगर भागातल्या कचरावेचक बायकांच्या मुलाखती तुम्ही घेतल्यात. त्यांचा अहवाल पालिकेला द्यायचाय, शिवाय दिवाळी अंकासाठी लेखही लिहायचाय, असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं, आधी मागणी ठरवा. माल निवडायला शेड हवी, ओळखपत्र हवं, की घंटागाडी आल्यापासून गेलेलं काम परत हवं? मागणी नसेल तर साहेब अहवालाचं कौतुक करतात आणि कपाटात ठेवतात.

पुण्यात हे एकदा नीट जमलंय. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. 'गरिबांवर दया करा' असं ती कधी म्हणाली नाही. या बायका काम करतात आणि त्यामुळे शहराचा पैसा वाचतो, हा तिचा मुद्दा होता. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी 2001 मध्ये झालेल्या अभ्यासात हा वाचलेला पैसा आकड्यांत मांडला गेला. वेचलेला कागद-काच पालिकेला ना उचलावा लागतो, ना डेपोपर्यंत वाहून न्यावा लागतो. 2002-03 मध्ये पालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांसाठी आरोग्य विमा योजना सुरू केली. 2008 मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. अर्थात पाठीशी संघटना होती. नुसत्या आकड्यांना कोण विचारतं!

तुमच्या मुलाखतींतून हाच आकडा मिळणार नाही. "रोज किती किलो होतं?" असं विचारलं की अंदाज हाती येतो. त्यापेक्षा भंगारच्या दुकानात काट्याजवळ बसा, वजन आणि भाव लिहून घ्या. पावसाळ्यातही जा, कारण भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो. कचरा वाहतुकीचा टनामागचा खर्च पालिकेकडून माहिती अधिकारात मागवा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

गोष्ट सांगायची ती आकडा थिटा पडतो तिथे. दहा जणींचे दहा रडके उतारे नकोत, एकीचा एक दिवस सगळा लिहा. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी निवडावे लागतात, हे कुठल्या तक्त्यात बसवणार? 'स्वच्छ'च्या बायकांनी 2013 मध्ये असे पॅड गोळा करून थेट बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले होते. त्या एका कृतीने जे कळलं, ते पन्नास पानांनी कळलं नसतं.

मसुदा छापायला देण्याआधी वस्तीत बसून मोठ्याने वाचून दाखवा. त्या खुदकन हसल्या किंवा गप्प झाल्या, तर तिथे काहीतरी चुकलंय. नावं सरसकट बदलू नका, आधी विचारा. 1855 मध्ये मांग समाजातल्याच मुक्ताबाई साळवे यांनी मांग-महारांच्या दुःखाविषयी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात स्वतः लिहिलं होतं. त्यांच्या वतीने कुणी बोललं नव्हतं. एखादीला स्वतःच्या नावानिशी बोलायचं असेल, तर तो तिचा हक्क.

भंगारवाल्याचं नाव आणि दुकानाची खूण मात्र लेखात येऊ देऊ नका. उधार-उचल त्याच्याकडेच असते, आणि तुमचा लेख छापून आल्यावरही त्या बाईला माल त्याच्याच काट्यावर घालायचा असतो.