मोटरहोम घेताना त्याची सामान वाहण्याची क्षमता कशी तपासायची?

आधी बेड, स्वयंपाकघर विसरा आणि दोन आकडे मागा: गाडीचं कमाल मान्य एकूण वजन आणि रिकामं वजन. यांतला फरक म्हणजे तुमच्या हातात उरलेले किलो. समजा ३,५०० वजा ३,००० म्हणजे ५००. भरपूर वाटतात ना? पण १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो गेले. चालकाखेरीज तिघे बसले की साधारण २१० गेले. राहिले १९०, आणि अजून भांडी, कपडे, सायकली काहीच चढलेलं नाही.

‘रिकामं’ म्हणजे काय, हेही विचारा. युरोपीय नियमांत त्यात ७५ किलोचा चालक आणि ९०% इंधन धरलेलं असतं. इतरत्र हिशोब वेगळा असतो. नंतर बसवलेलं बाजूला उघडणारं सावलीचं छत (ऑनिंग), सोलर पॅनल, जादा बॅटरी यांचं वजनही याच फरकातून वजा होतं. जुनी गाडी असेल तर कागदावर अजिबात विसंबू नका, सरळ वजनकाट्यावर न्या. प्रत्येक ॲक्सल (पुढच्या किंवा मागच्या चाकांचा आस) वेगळा तोला, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड असू शकतो. मागे सायकल स्टँड असेल तर ही शक्यता आणखी जास्त!