परळीजवळच्या गावात तेजाबी पाऊस पडतो का? स्लॅबवरचं पाणी साठवून प्यावं का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. परळीच्या औष्णिक केंद्राची धुराडी गावातून दिसतात, तर आमचा पाऊस तेजाबी, म्हणजे आम्लधर्मी, आहे का? बोअरचं पाणी खारट आहे, तर स्लॅबवरचं पाणी टाकीत घेऊन वर्षभर प्यायला चालेल का? आणि सोयाबीन पिवळं पडतं ते याच पावसानं का? शिवाय लिटमस लावून बघितला पण काहीच कळलं नाही, असंही लिहिलंय. मी अंबाजोगाईला रसायनशास्त्र शिकवते. परळी इथून जवळच, त्यामुळे हा विषय वर्गात दर जूनमध्ये निघतोच.

आधी लिटमसचं बघू. सामू म्हणजे पीएच: ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल, वर अल्क. लिटमस सामू ४.५ च्या खाली गेला तर लाल होतो आणि ८.३ च्या वर गेला तर निळा. मधल्या सगळ्या टापूत तो जांभळट रंगात घुटमळत राहतो, आणि आपला पाऊस नेमका त्याच टापूत असतो. रंगपट्टीचे पीएच कागदही पावसाच्या पाण्याला नीट लागू पडत नाहीत, कारण या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदावरचं रसायनच पाण्याचा सामू बदलून टाकतं. तेव्हा तुमचं काही चुकलं नाही, ते साधनच या कामाचं नाही.

आता मूळ गोष्ट. अगदी स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा ७ सामूचा नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. म्हणून तेजाबी पावसाची रेघ ७ वर न ओढता ५.६ च्या खाली ओढतात. हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला तो रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या गिरण्यांचा धूर आणि तिथला पाऊस तपासून, १८५२ मध्ये.

आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी पावसाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान, कधी त्याच्याही वर सापडत आलाय. म्हणजे कोऱ्या पावसापेक्षाही कमी आम्लधर्मी. कोळसा आपण कमी जाळतो म्हणून असं होतं का? अजिबात नाही. हे होतं आपल्या धुराळ्यामुळे.

मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, आणि तिच्यात चुनखडीचे खडे जागोजाग. मार्च ते मे या काळात नांगरलेली रानं उघडी पडलेली असतात, गाडीवाटांवर घोटाभर फुफाटा असतो, वावटळी उठतात. ती माती हवेत जाते आणि तिच्यासोबत कॅल्शियम कार्बोनेटही. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ढगाच्या थेंबात शिरून गंधकाम्ल झाला, की हा चुना त्याला तिथल्या तिथे मारतो, म्हणजे त्याचं आम्लपण घालवतो. उरतं काय, तर कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. चुन्याच्या जोडीला असतो अमोनिया. गोठे, उकिरडे आणि युरिया टाकलेली शेतं यांतून तो वर जातो आणि तोही आम्लाला अमोनियम क्षार करून गप्प बसवतो.

म्हणून नुसता सामू बघून पावसाला स्वच्छतेचं प्रमाणपत्र देऊ नये. सामू म्हणजे बँकेच्या पासबुकातली शेवटची शिल्लक. महिनाभरात किती आले आणि किती गेले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. सल्फेट आणि नायट्रेट भरपूर असूनही सामू ६.५ दिसू शकतो. प्रदूषण बघायचं तर आतल्या नोंदी वाचाव्या लागतात, म्हणजे एकेक आयन (पाण्यात विरघळलेल्या क्षाराचा विद्युतभारित कण) मोजावा लागतो.

या नोंदी वाचणं मोठं मजेचं काम आहे. सोडियम आणि क्लोराइड दिसले की समजावं, अरबी समुद्र आला. समुद्राच्या पाण्यात दर १०० क्लोराइड आयनांमागे सोडियमचे सुमारे ८६ असतात. पावसात हेच प्रमाण सापडलं तर ते मीठ समुद्राचंच, आणि बिघडलेलं दिसलं तर कुठूनतरी भर पडलीय. समुद्रात सल्फेटही असतं, वजनानं सोडियमच्या साधारण पाव पट. तेवढं वजा केलं की उरलेलं सल्फेट बहुतेक माणसाच्या खात्यावर: औष्णिक केंद्रं, वीटभट्ट्या, डिझेल. सह्याद्री ओलांडून ढग आपल्यापर्यंत येतात तोवर समुद्राचं मीठ बरंचसं कोकणातच सांडलेलं असतं, म्हणून इकडे मातीचा आणि धुराचा वाटा उठून दिसतो. पोटॅशियम सापडलं तर काहीतरी जाळलंय: उसाचं पाचट, पऱ्हाटी, साखर कारखान्याच्या बॉयलरमधला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. पोटॅशियम थोडं मातीतूनही येतं, त्यामुळे त्याचा अर्थ मातीची खूण असलेल्या कॅल्शियमशेजारी ठेवूनच लावायचा.

नायट्रेटच्या वाटा दोन. इंजिनं आणि भट्ट्यांच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो, आणि विजेच्या लोळातही अगदी तेच होतं. ‘कडाडून पाऊस झाला की रान हिरवं होतं’ म्हणतात त्यात तथ्य आहे, पण थोडंच. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असतं. विजेनं एका हेक्टराला वर्षभरात मिळणारं नत्र त्याच्या आसपासही जात नाही. रान हिरवं होतं ते मुख्यतः पाण्यानं.

परळीचं म्हणाल, तर तिथे १९७१ पासून वीज तयार होतेय. जुने संच बंद झाले, आता २५० मेगावॉटचे तीन आहेत. भारतीय कोळशात गंधक तसं कमी, साधारण अर्धा टक्का, पण राख ३५ ते ४५ टक्के. म्हणून परळीच्या माणसाची खरी कटकट आम्लापेक्षा राखेची असते. धुराड्यापेक्षाही राख वाहणारे हायवा ट्रक आणि वाऱ्यावर उडणारे राखेचे ढिगारे जास्त त्रास देतात. देशात सल्फर डायऑक्साइडसाठी मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घातली गेली आणि मग तिची मुदत पुढे पुढे ढकलत नेली. यात एक विचित्र गोष्ट आहे. राख पकडणारी यंत्रं सुधारली, रस्ते डांबरी झाले, धुराळा बसला, तर हवा डोळ्यांना स्वच्छ दिसेल, पण आम्लाला मारणारा चुनाही कमी होईल. गंधकाचा वायू तेवढाच सुटत राहिला तर पाऊस हळूहळू आम्लाकडे झुकेल. हवामान खात्याची पावसाचं रसायन मोजणारी जुनी केंद्रं देशात दहा, त्यांतली दोन महाराष्ट्रात, नागपूर आणि पुणे. गेल्या काही दशकांत नागपूरचा सामू उतरत गेलाय, आणि ते शहर औष्णिक केंद्रांच्या गराड्यात आहे हे नकाशा बघितला तरी कळतं.

तुमचं गाव परळीच्या कोणत्या बाजूला आहे, हे लिहायला हवं होतं. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येचा, त्यामुळे पावसाळ्यात परळीचा धूर गंगाखेडच्या दिशेनं जातो. थंडीत वारा फिरतो आणि धूर आमच्याकडे, अंबाजोगाईच्या बाजूला सरकतो. पण उंच धुराड्यातला वायू शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत आम्ल होत राहतो, त्यामुळे ‘आमच्या गावाचा पाऊस’ असं काही नसतं. परतीच्या पावसात वारं पूर्वेचं असतं आणि त्या बाजूला रामगुंडम आणि चंद्रपूरची अवाढव्य केंद्रं आहेत.

पावसाची वेळही बघा. वळवाचे किंवा मृगाचे पहिले शिंतोडे हवा धुऊन खाली आणतात, पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ठिपके पडतात ते त्याचेच. या पाण्यात सगळंच जास्त असतं, सल्फेट, नायट्रेट आणि चुनाही, म्हणून सामू वर. श्रावणात चार दिवस झड लागली की हवेत धुरळा उरत नाही. पाणी जवळजवळ कोरं होतं आणि सामू ५.६ कडे सरकतो. त्या दिवशी कुणी मीटर लावून ‘बघा, आम्ल!’ म्हणालं तर घाबरू नका. साठवायला सगळ्यात चांगलं पाणी तेच.

आता टाकी. माझं मत स्पष्ट आहे: घ्या. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याच लातूरच्या छपरांवरून दर पावसाळ्यात किती वाहून जातं याचा हिशोब कुणी करत नाही. तुमचा स्लॅब १,००० चौरस फुटांचा धरला तर एक मिलिमीटर पावसाचे सुमारे ९० लिटर होतात. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर आणि वीस टक्के वाया गेला असं धरलं, तरी पन्नास हजार लिटर. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला रोज २५ लिटर लागले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना ६,००० लिटर पुरतात. मोठी टाकी बांधायची गरजच नाही.

मे संपता संपता स्लॅब खराट्यानं झाडून धुऊन घ्या. तुमच्याकडे तर राखेसाठी हे हवंच. राखेत शिसं आणि आर्सेनिकसारखे धातू अल्प प्रमाणात असतात, ते पावसातून जितके येतील त्यापेक्षा स्लॅबवर साचलेल्या थरातून जास्त येतील. पहिले एक-दोन पाऊस पूर्ण सोडून द्या. पुढेही मोठी उघडीप झाली की सुरुवातीचं दोन मिलिमीटर पाणी बाजूला काढा. तुमच्या स्लॅबला २०० लिटरचा एक ड्रम त्याला बरोबर पुरतो, ड्रम भरला की पाणी टाकीकडे वळतं. मध्ये वाळू-खडीची गाळणी, टाकीला घट्ट झाकण, आत उजेड नको. नव्या सिमेंटच्या टाकीतून चुना सुटून सामू ९ च्या वर जाऊ शकतो, म्हणून दोन-तीनदा भरून सोडून द्या. माळवद, म्हणजे मातीचं छत, असेल तर हा नाद सोडा.

खरा धोका आम्लाचा नाही, कबुतरांच्या विष्ठेचा आहे. साठवलेलं पाणी क्लोरीन टाकून किंवा उकळूनच प्यायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे टाकीचं आणि बोअरचं, दोन्ही नमुने द्या. जिवाणूंची तपासणीही सांगा आणि त्यासाठी बाटली त्यांच्याकडूनच घ्या. बोअरच्या अहवालात फ्लोराइडचा आकडा आधी बघा, १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर मुलांना ते पाणी देणं आजच थांबवा. पावसाच्या पाण्यात ही भानगड नसते.

‘जगात कुठलंच पावसाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो २०२२ च्या स्टॉकहोम विद्यापीठाच्या अभ्यासावरून निघालाय. न चिकटणारे तवे आणि आग विझवणारा फेस अशा गोष्टींत वापरली जाणारी, न विघटणारी रसायनं पावसात अमेरिकेच्या अतिशय कडक मर्यादेपेक्षा जास्त सापडतात, हे खरं आहे. पण ती नदी-नाल्यांतही असतात, त्यामुळे पाऊस सोडून टँकरकडे वळल्यानं सुटका होत नाही. २०१५ आणि २०१९ च्या कृत्रिम पावसाची भीतीही सोडा. ढगात फवारलेलं मीठ इतक्या पाण्यात शोधूनही सापडणार नाही.

सोयाबीनचं उत्तर उलटंच आहे. पिवळेपणा आम्लानं नाही, चुन्यानं येतो. चुनखडीच्या, सामू ८ च्या पुढच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात पाणी साचलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी काढून द्या, चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी घ्या, आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे वेडेवाकडे पसरलेले असतील तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीनं आणलेला. ती झाडं उपटून बांधाबाहेर टाका आणि माशीचा बंदोबस्त करा. उलट पावसातलं गंधक सोयाबीनला थोडं उपयोगीच पडतं: युरोपात धुरातलं गंधक कमी झाल्यावर तिथल्या शेतकऱ्यांना ते खत म्हणून विकत घ्यावं लागलं.