भादव्यात वावरात गेलं की शिंका येतात, डोळे खाजतात, सोयाबीनची ॲलर्जी आहे का?

नाही, बहुतेक सोयाबीन नाही, धुऱ्यावरचं गाजर गवत आहे. सोयाबीनचं परागीभवन फुलाच्या आतच उरकतं, त्याचे परागकण वाऱ्यावर फारसे जात नाहीत, पण गाजर गवत पावसानंतर महिना-दीड महिन्यात फुलावर येतं अन् त्याचे परागकण लाखोंनी सुटतात, पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजराच्या पाल्यासारखं दिसते न, तेच. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, आता एक धुरा सुटला नाही. म्हणून ते फुलं यायच्या आधी, जमीन ओली असतानाच, हातमोजे घालून मुळासकट उपटा, फुलावर आल्यावर मात्र ॲलर्जीवाल्यानं हात लावूच नये, अंगावर खाजरे चट्टे उठतात ते येगळेच. नाकाला दुपट्टा बांधा, घरी आल्याबरोबर तोंड धुवा, वावरातले कपडे घरात झटकू नका. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं शिंका थांबतात पण झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. त्रास फक्त थ्रेशरवर होत असेल तर ती कुटाराची धूळ समजा, अन् छाती घरघरत असेल, दम लागत असेल तर गोळीवर राहू नका, दमा असू शकतो, लगेच डॉक्टरला दाखवा.