ऑफिसच्या रक्तदान शिबिराची तारीख

प्रश्न: ताई नमस्कार, मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. दरवर्षी १५ ऑगस्टच्या आसपास आमच्याकडे रक्तदान शिबीर असतं आणि यंदा ते बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मॅनेजर म्हणतायत मागच्या वर्षीपेक्षा जास्त पिशव्या झाल्याच पाहिजेत, टीम-टीममध्ये स्पर्धा लावू, जिंकेल त्या टीमला स्मार्टवॉच. मला ते खटकतंय पण का ते धड सांगता येत नाहीये. शिवाय मागच्या वेळी आमच्यातल्या एका मुलीला रक्त न घेताच परत पाठवलं, त्यावरून नंतर बरीच चेष्टा झाली. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: खटकतंय ते बरोबरच आहे. पण आधी तारखेचं बोलू, खरा घोळ तिथे आहे. १५ ऑगस्टला सगळेच शिबीर घेतात, मागोमाग गणपती मंडळांची असतात, वर पुढाऱ्यांचे वाढदिवस आहेतच. आणि रक्त काही कणगीत भरून ठेवायचं धान्य नाही, लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स तर फक्त ५, म्हणजे ऑगस्टमधल्या तुमच्या लाल पेशी दिवाळीपर्यंतसुद्धा पुरणार नाहीत. टंचाई होते ती एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत, कॉलेजं बंद, लोक गावाला, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच ना, त्यांना कुठली सुट्टी!

म्हणून रक्तपेढीला फोन करून विचारा की तुम्हाला कधी पाहिजे, आणि एका मोठ्या शिबिराऐवजी दोन-तीन छोटी घ्या. पुरुषांना ९० दिवसांनी आणि बायकांना १२० दिवसांनी परत देता येतं, त्यामुळे माणसं तीच असली तरी चालतं.

आता स्मार्टवॉच. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त द्यायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालामुळे. घड्याळ म्हणजे पैसे नाहीत असं मॅनेजर म्हणतील, पण बक्षिसाच्या नादात किंवा टीमची लाज राखायला माणूस फॉर्मवर खोटं लिहितो, कावीळ लपवतो, चालू गोळ्या लपवतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या टेस्ट होतात हो, पण लागण अगदी ताजी असेल तर टेस्टमध्ये सापडेलच असं नाही, तिथे त्या फॉर्मवरच्या खऱ्या उत्तरावरच सगळं असतं. चहा, बिस्किटं, सर्टिफिकेट एवढं पुष्कळ झालं. फक्त गेलेला वेळ कामाचा धरा, हाफ डे टाकू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रक्तदानासाठी वर्षाला ४ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, हे मॅनेजरच्या कानावर घालाच.

त्या मुलीचं वाचून मात्र राग आला. वजन ४५ किलोच्या खाली, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, वर्षभरात काढलेला टॅटू, चालू औषधं, नाही म्हणायला शंभर कारणं असतात. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे हा), यात चेष्टा कसली करता? कोणाला का परत पाठवलं हे डॉक्टर आणि त्या माणसातच राहू द्या. एचआरचा माणूस वजनकाट्याशेजारी वही घेऊन बसायला नको, ‘आमचे रक्तदाते’ म्हणून नावांची मेल नको आणि टीमनुसार आकडे तर अजिबात नकोत, पाचजणांच्या टीममध्ये कोणी दिलं नाही ते लगेच कळतं. ज्यांना देता येत नाही किंवा द्यायचंच नाही त्यांना कारण विचारू नका, आणि मदत करायची असेल तर नोंदणीच्या टेबलावर, खाण्यापिण्याच्या टेबलावर भरपूर काम असतं.

आणि मॅनेजरना आकडाच हवा असेल तर मागच्या वर्षी दिलेल्या पिशव्यांपैकी किती पेशंटना चढवल्या आणि किती मुदत संपून टाकून द्याव्या लागल्या ते रक्तपेढीकडून लेखी मागवा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर यंदा दुसरी परवानाधारक रक्तपेढी बघा.