कॅलेंड्युला म्हणजे झेंडू नव्हे

मलमाच्या डबीवर ‘कॅलेंड्युला (झेंडू)’ असं छापलेलं असतं, ते बरोबर का, अशी विचारणा आली आहे.

साफ चूक. आणि ही चूक हल्ली साबणापासून चहाच्या पुड्यांपर्यंत सगळीकडे दिसते. इंग्रजीत दोन्हींना ‘मॅरिगोल्ड’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने पहिला सापडलेला शब्द उचलला आणि मोकळा झाला. कॅलेंड्युला हे फुलझाड भूमध्य सागराकडचं, झेंडू (शास्त्रीय नाव टॅजेटिस) मेक्सिकोकडचा. दोघांचं कूळ सूर्यफुलाचं, नातं एवढंच. झेंडूचं पान उजेडात धरा: पिसासारखं चिरलेलं, त्यात तेलाचे बारीक ठिपके, चुरडलं की तो उग्र वास. कॅलेंड्युलाचं पान अखंड. झेंडूचं बी काळं, सुईसारखं सरळ. कॅलेंड्युलाचं आकड्यासारखं वाकडं.

आता ‘झेंडू’ या शब्दाकडे येतो. तो ‘झेंडा’वरून आला असं ठणकावून सांगणारे दर दसऱ्याला भेटतात. भगवा म्हणून झेंडा! मग पिवळ्या झेंडूचं काय करायचं? शेजारी जरा डोकावावं. कन्नडात हे फूल ‘चेंडु हूवु’, आणि चेंडु म्हणजे आपला चेंडूच. तेलुगूत ‘बंति’ म्हणजे चेंडू, फूल ‘बंतिपुव्वु’. हिंदीत गेंद आणि गेंदा. कोकणात तर गोंडाच म्हणतात, तेही आकारावरून. सगळ्यांना गोल गरगरीत फूल दिसलं आणि मराठी माणसालाच तेवढा झेंडा दिसला? झेंडू हा मुळात चेंडूच, हे माझं ठाम मत. ‘च’चा ‘झ’ कसा झाला? झुबका, झुपका, झुंबर पाहा. भरगच्च वस्तूला मराठी जीभ ‘झ’ लावते असं मला वाटतं. चेंडूलाही तोच लागला असावा.

कुणी संस्कृत ‘झण्डू’ पुढे करतात. त्यांनी एवढंच सांगावं, की सोळाव्या शतकाआधी अमेरिकेतलं झाड इथे आलं कसं? ‘झण्डू’ हे देशी शब्दालाच चढवलेलं संस्कृत रूप असावं. प्राचीन नावच हवं असेल तर मेक्सिकोतलं घ्या. तिथल्या नावाट्ल भाषेतून आलेलं ‘सेम्पासूचिल’, म्हणजे ‘वीस फुलं’. फार नेमकं नाव आहे हे! तोरणातला एक झेंडू सोडवून पाहा: पाकळी म्हणून जी उपटतो तिच्या बुडाशी बी असतं, कारण ती प्रत्येक एक वेगळं फूलच असते.