ह्मोंग अंत्यविधी चार दिवस का चालतो?

ह्मोंग सहकाऱ्याचे वडील गेले, विधी शुक्रवार ते सोमवार आहे, इतके दिवस कशाला आणि आपण जावं का, असं विचारलंय. जरूर जा. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात राहून असे बरेच विधी पाहिलेत, म्हणून सांगतो.

इथले ह्मोंग लोक लाओसच्या डोंगरातून आलेले. 1975 मध्ये तिथे कम्युनिस्ट सत्ता आल्यावर मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तिथून अमेरिकेत आले. विधीचा गाभा 'खुआ के', म्हणजे मृताला वाट दाखवणारं गायन. जाणता माणूस त्याच्या आत्म्याला एकेका मुक्कामी मागे नेतो: सेंट पॉलचं राहतं घर, त्याआधीचं भाड्याचं घर, छावणी, नदीपलीकडचं गाव आणि शेवटी जन्मल्यावर वार (प्रसूतीनंतर बाहेर पडणारी, नाळेला जोडलेली) पुरली ती जागा. प्रत्येक ठिकाणच्या भूमीचे आभार मानायचे, विधीसाठीच्या खोट्या कागदी नोटांनी देणं फेडायचं, मग पुढे. त्यामुळे सगळे मुक्काम घरच्यांना नीट सांगता यावे लागतात. इथल्या दवाखान्यात जन्मलेल्या मुलांची वार पुढे कुठे शोधायची, कोण जाणे!

सोबत ढोल आणि केंग. केंग म्हणजे सहा बांबूनळ्यांचं तोंडाने वाजवायचं वाद्य. त्याच्या सुरांत शब्दच असतात, आपल्याला फक्त धून ऐकू येते.

हे टिकलं ते भावनेपेक्षा व्यवस्थेमुळे, असं माझं मत. समाजाने स्वतःची फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीचे हॉल, काढली, जिथे रात्रभर ढोल वाजला तरी कोणी पोलीस बोलवत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या किंवा शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नातलगांना रजा जुळावी म्हणून शनिवार-रविवार धरतात. हॉलसाठी कधी काही आठवडे थांबतात. मृतासाठी बळी द्यायचे बैल कत्तलखान्यात कापून घेतात. पेटी मात्र बिनखिळ्यांची लाकडी, आणि मृताच्या कपड्यांना धातूचं बटणही नको, यात तडजोड नाही. ह्मोंग कल्चरल सेंटरमध्ये केंग शिकवतात. लाओसच्या युद्धातले ह्मोंग सेनानी जनरल वांग पाओ यांचा 2011 सालचा फ्रेझ्नोमधला विधी तर सहा दिवस चालला, पण तो अपवाद.

अडतं ते गायनापाशी. तासन् तासांचं पाठांतर असलेले म्हातारे कमी होताहेत. शिवाय एक भाऊ ख्रिस्ती, दुसरा जुन्या धर्माचा, असं असलं की प्रेतासमोरच वाद.

जाताना पाकिटात रोख न्या. घरची मंडळी गुडघे टेकून आभार मानतील, अवघडू नका. जेवणाला नाही म्हणू नका. शेवटच्या रात्री मुलाबाळांसाठी उपदेशाची गाणी पहाटेपर्यंत चालतात. तेवढं थांबायची तुमच्यावर सक्ती नाही.